शुद्धीनंतरचे भान

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यावर दोन-तीन रात्री काढलेले नातेवाईक पहिल्यांदा आत सोडले जातात, तेव्हा खाटेवर वाकून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात. आई म्हणते, ‘बाळा, ओळखलंस का मला?’ बायको म्हणते, ‘अहो, मी कोण, सांगा बरं.’ डोक्याला पट्टी बांधलेला माणूस डोळे किलकिले करतो आणि ‘आई’ असे पुटपुटतो. लगेच बाहेर फोन सुरू होतात: शुद्धीवर आला, सगळ्यांना ओळखतो, आता काळजी नाही. गावाकडे कोणी देवापुढे नारळ फोडतो. दुसऱ्या दिवशी तीच आई पुन्हा आत जाते आणि मुलगा विचारतो, ‘तू कधी आलीस?’ आदल्या दिवशी ती अर्धा तास त्याचा हात धरून बसलेली असते. त्याच्या लेखी ती आलेलीच नसते.

आपल्या भाषेत यासाठी दोन वेगळे शब्दप्रयोग आहेत. माणूस शुद्धीवर येतो आणि माणूस भानावर येतो. बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी वापरतो, पण डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत त्यांच्यातले अंतर काही तासांचे, काही दिवसांचे आणि कधी काही आठवड्यांचे असते. शुद्ध आली म्हणजे डोळे उघडले, बोलल्यावर प्रतिसाद मिळाला. भान आले म्हणजे आपण कुठे आहोत, कधीपासून आहोत, सकाळी कोण येऊन गेले याचा धागा मनात सलग राहू लागला. या दोहोंच्या मधल्या काळात माणूस जागा असतो, जेवतो, बोलतो, कधी विनोदही करतो, आणि त्यातले काहीच त्याच्याजवळ उरत नाही. वैद्यकात या काळाला ‘पोस्ट-ट्रॉमॅटिक अ‍ॅम्नेशिया’ म्हणतात. आपण त्याला आघातोत्तर विस्मृती म्हणू. हा काळ नीट मोजला जावा, एवढ्यासाठीच हे लिहिणे आहे. आपल्या बहुतेक रुग्णालयांत तो मोजला जात नाही, आणि त्याची किंमत रुग्ण घरी गेल्यावर मोजावी लागते.

प्रश्न छोटा नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांचा आकडा मथळ्यात येतो, जखमींचा आतल्या पानावर. दुचाकीवरून पडणारे, इमारतीच्या परांचीवरून कोसळणारे, नारळाच्या झाडावरून पडणारे, न्हाणीघरात घसरणारे वृद्ध असे कितीतरी जण डोक्याला मार घेऊन येतात, आणि त्यांतले बहुसंख्य वाचतात. ती वाचलेली माणसे पुढे कशी जगतात, हा विचार आपल्याकडे अजून पुरेसा रुजलेला नाही.

ओळख पटणे आणि आठवण राहणे यांत फरक का पडतो, हे आधी पाहू. आईचा चेहरा ही वर्षानुवर्षे मुरलेली आठवण आहे. मेंदूत ती खोलवर आणि अनेक ठिकाणी रुजलेली असते. आघात सहसा तिला धक्का लावू शकत नाही. आज सकाळी कोण भेटायला आले होते ही मात्र नवी आठवण आहे. ती तयार होण्यासाठी मेंदूच्या दोन्ही बाजूंना, कानशिलांच्या आतल्या भागात असलेला हिप्पोकॅम्पस आणि कपाळामागचा भाग यांचे काम सुरळीत चालावे लागते. धावती गाडी अचानक थांबते तेव्हा कवटी थांबते, पण आतला मऊ मेंदू पुढे जाऊन कवटीच्या तळाच्या खडबडीत हाडांवर आपटतो. नेमके कपाळामागचे आणि कानशिलांजवळचे भाग त्यात ठेचतात. शिवाय मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणारे बारीक तंतू ताणले जातात, काही तुटतात. ऑक्सफर्डमधल्या सबिना स्ट्रिच यांनी १९५६ मध्ये अशा तंतूंच्या व्यापक नासाडीचे वर्णन केले. ही नासाडी साध्या सीटी स्कॅनमध्ये अनेकदा दिसत नाही. म्हणून ‘सीटी नॉर्मल आहे’ हे वाक्य ऐकून सुटकेचा श्वास जरूर सोडावा, कारण मोठा रक्तस्राव नाही एवढे त्यातून कळते. मेंदू पूर्ववत काम करतो आहे, असे मात्र त्यातून कळत नाही.

शुद्ध येणे आणि सलग आठवण राहणे यांतले हे अंतर प्रथम नीट मांडले ते ब्रिटनमधले मेंदूतज्ज्ञ विल्यम रिची रसेल यांनी. १९३० च्या दशकात त्यांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांशी बारकाईने बोलून नोंदी केल्या. त्यांतली एक नोंद आजही प्रत्येक वॉर्डात वाचून दाखवावी अशी आहे. गोल्फच्या मैदानाची निगा राखणारा २२ वर्षांचा एक तरुण १९३३ च्या ऑगस्टमध्ये मोटारसायकलवरून फेकला गेला. आठवडाभरात तो सुसंगत बोलू लागला आणि तो पूर्ण शुद्धीवर आला आहे, अशी परिचारिकांची खात्री झाली. मग त्याला तारीख विचारली. त्याने १९२२ सालचा फेब्रुवारी महिना सांगितला. आपण शाळकरी मुलगा आहोत असे तो म्हणाला. मधल्या काळात तो ५ वर्षे ऑस्ट्रेलियात राहून आला होता आणि २ वर्षे त्या मैदानावर काम करत होता. त्यातले काहीच त्याला आठवत नव्हते. दोन आठवड्यांनी ऑस्ट्रेलिया परत आला. तीन आठवड्यांनी तो आपल्या कामाच्या गावी गेला, तर गाव परके वाटले आणि तो एकाहून अधिक वेळा रस्ता चुकला. तसाच तो कामावर रुजू झाला. काम बरे करी, पण दिवसभरात काय केले ते त्याला सांगता येईना. सुमारे दहा आठवड्यांनी उरलेली दोन वर्षे परतली आणि अखेर अपघाताच्या आधीची काही मिनिटेच कायमची हरवलेली राहिली.

या एका माणसात दोन प्रकारची विस्मृती एकत्र दिसते. एक अपघाताच्या मागची: ती जुन्याकडून नव्याकडे सरकत आक्रसत जाते आणि शेवटी काही मिनिटांवर किंवा सेकंदांवर थांबते. ‘गाडी वळवली एवढं आठवतं, पुढचं नाही’ असे रुग्ण सांगतात ते हेच. ती काही मिनिटे मनावर कितीही ताण दिला तरी परत येत नाहीत, कारण ती साठवलीच गेलेली नसतात. दुसरी विस्मृती अपघाताच्या पुढची, आणि इजेची खोली सांगणारी हीच. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रसेल यांनी ऑक्सफर्डच्या लष्करी रुग्णालयात मोठ्या संख्येने जखमी तपासले आणि १९४६ मध्ये पीटर नेथन यांच्यासोबत १,०२९ रुग्णांवरचा लेख प्रसिद्ध केला. रुग्ण बेशुद्ध किती वेळ होता यापेक्षा, त्याच्या मनात घटनांची सलग नोंद पुन्हा केव्हा सुरू झाली हे विचारा, असा त्यांचा आग्रह होता. त्यातून आलेली ढोबळ मोजपट्टी आजही चालते: विस्मृती तासाभराच्या आत संपली तर इजा सौम्य, दिवसभरात संपली तर मध्यम, आठवडाभरात संपली तर गंभीर, त्याहून लांबली तर अतिगंभीर. माणूस पुढे कामावर परतेल का, स्वतंत्रपणे राहू शकेल का, याचा अंदाज या काळावरून बराच चांगला बांधता येतो.

मग आपल्याकडे काय मोजले जाते? ग्लासगो कोमा स्केल. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ मध्ये ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५ आणि हालचालीला ६ असे जास्तीत जास्त १५ गुण, कमीत कमी ३. जगभर ती वापरली जाते आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. गुण घसरू लागले की मेंदूत काहीतरी दाबले जात आहे हे नर्सला मध्यरात्रीही कळते. पण तिचे काम बेशुद्धीची खोली मोजण्याचे आहे. बोलण्यात गोंधळ असेल तर फक्त एक गुण कमी होतो. डोळे उघडे, सांगितलेले ऐकतो, पण आपण घरी आहोत असे समजतो, अशा रुग्णाला १४ मिळतात, आणि १३ ते १५ गुणांची इजा ‘सौम्य’ म्हणून गणली जाते. नाव, गाव आणि महिना सांगितला तर १५ पैकी १५. त्याला तुमचे नाव सांगून दहा मिनिटांनी विचारा. शक्यता आहे की तुम्ही त्याला पहिल्यांदाच भेटत असाल. आपल्या केसपेपरवर दिवसागणिक उतरत जाणारे ‘कॉन्शस, ओरिएंटेड’ हे दोन शब्द येथेच अपुरे पडतात.

ही उणीव भरून काढणाऱ्या चाचण्या चाळीस वर्षांहून जुन्या आहेत. अमेरिकेत टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन येथे हार्वी लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये एक चाचणी तयार केली. स्थळकाळाच्या प्रश्नांबरोबर ती विचारते: अपघातापूर्वीचे शेवटचे काय आठवते, अपघातानंतरचे पहिले काय आठवते? शंभरातून चुकांचे गुण वजा होतात आणि लागोपाठ दोन दिवस ७५ च्या वर गुण आले की विस्मृतीचा काळ संपला असे मानतात.

सिडनीच्या वेस्टमीड रुग्णालयातून १९८६ मध्ये पुढे आलेली चाचणी आम्हाला अधिक महत्त्वाची वाटते, कारण ती थेट नव्या आठवणीवर बोट ठेवते. प्रश्न फक्त १२. पहिले सात ओळखीचे: वय किती, जन्मतारीख काय, महिना कोणता, सकाळ की दुपार की संध्याकाळ, वार कोणता, साल कोणते, ही जागा कोणती. उरलेले पाच कालच्या आठवणीचे. काल चाचणी घेणाऱ्याने रुग्णाला आपला चेहरा आणि नाव लक्षात ठेवायला सांगितलेले असते, तीन चित्रे दाखवलेली असतात. आज तीन छायाचित्रांतून तो चेहरा निवडायचा, नाव सांगायचे आणि नऊ चित्रांतून ती तीन ओळखायची. अशी चाचणी रोज घ्यायची. लागोपाठ तीन दिवस १२ पैकी १२ मिळाले, तर त्यातल्या पहिल्या दिवशी विस्मृतीचा काळ संपला असे धरायचे. चाचणीला काही मिनिटे लागतात. ती घ्यायला न्यूरोसर्जन लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका, ऑक्युपेशनल थेरपिस्ट किंवा वाचा-उपचारतज्ज्ञ ती घेऊ शकतात. सौम्य इजेच्या रुग्णांसाठी तिचे छोटे रूप आहे, ते अपघात विभागात तासातासाने घेता येते.

एकदाच घेतलेली चाचणी का पुरत नाही, ते क्रिकेट पाहणाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. ८० धावांवर खेळणारा स्मिथ बाहेर गेला, ठरलेल्या चाचण्या उत्तीर्ण झाला, पाऊण तासाने पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी डोके दुखू लागले, जडपणा आला. त्याला सामन्यातून माघार घ्यावी लागली आणि मार्नस लाबुशेन कसोटीतला पहिला ‘कन्कशन सब्स्टिट्यूट’ ठरला. तो नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. जगातल्या उत्तम वैद्यकीय पथकांपैकी एक मैदानावर हजर असताना हे घडले, आणि त्यात कोणाची चूक होती असे आम्ही म्हणत नाही. इजा उशिरा उमटू शकते एवढेच त्यातून शिकायचे. मैदानावरच्या चाचण्यांमागेही नव्या आठवणीचेच तत्त्व आहे. ऑस्ट्रेलियात मॅडॉक्स यांनी १९९५ मध्ये फुटबॉल खेळाडूंवर दाखवून दिले की नाव आणि तारीख विचारून मेंदूचा हादरा ओळखता येत नाही; शेवटचा गोल कोणी केला, मागचा सामना कोणाशी झाला, तो आपण जिंकला का, असे ताजे प्रश्न तो उघड करतात. आपल्या शालेय कबड्डीच्या आणि कुस्तीच्या मैदानांवर डोके आपटलेल्या पोराला पाणी मारून पुन्हा उतरवले जाते. तिथे क्रीडाशिक्षकाने विचारायचा प्रश्न ‘तुझं नाव काय?’ हा नव्हे; ‘आत्ता चढाई कोणाची होती?’ हा आहे.

विस्मृती किती वेळेची, हे कळले तर पुढची धावपळही ठरवता येते. आघाताआधीच्या अर्ध्या तासाहून अधिक काळाची आठवण नाही, हे सीटी स्कॅन करावे की नाही ठरवणाऱ्या कॅनेडियन नियमातले एक लक्षण आहे. दोनदा किंवा अधिक उलट्या, दोन तासांनंतरही ग्लासगो स्केलवर गुण १५ पेक्षा कमी, वय ६५ किंवा त्याहून अधिक, ही त्यातलीच आणखी काही. जिथे स्कॅनचे यंत्र तालुक्याच्या दवाखान्यापासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, तिथे हा साधा प्रश्न विचारणारा डॉक्टर रुग्णवाहिका वेळेत बोलावतो.

आता या चाचण्या आपल्याकडे आणायच्या म्हटल्या तर पहिली अडचण भाषेची आणि त्याहून मोठी जगण्याच्या पद्धतीची. आजची तारीख काय, हा प्रश्न कार्यालयात जाणाऱ्याला सोपा आहे. विदर्भातल्या एखाद्या शेतमजूर बाईला अपघात होण्याआधीही तारीख कदाचित सांगता आली नसती. पोळा होऊन किती दिवस झाले, गावाचा बाजार कोणत्या वारी भरतो, हे तिने झोपेतून उठवले तरी सांगितले असते. जन्मतारखेच्या जागी तिच्याकडे आधार कार्डावरची १ जानेवारी असते. तिला चुकीची ठरवून गोंधळलेली म्हणणे जितके धोक्याचे, तितकेच ‘अडाणी आहे, तिला काय विचारायचं’ म्हणून प्रश्नच न विचारणे. खानदेशात घरी अहिराणी बोलणारा, मुंबईत बांधकामावर आलेला भोजपुरी बोलणारा, गोव्यातला कोंकणी बोलणारा, अशा प्रत्येकाला थकलेल्या मेंदूने दुसऱ्या भाषेत उत्तर द्यावे लागले तर चुका इजेच्या किती आणि भाषेच्या किती, हे वेगळे करता येत नाही.

यावर वाट आहे, आणि ती आपल्याच देशात दाखवून झाली आहे. हरियाणातल्या बल्लभगढ भागातल्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या वृद्धांसाठी १९९० च्या दशकात मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९७५ ची अमेरिकन ‘मिनी मेंटल स्टेट’ चाचणी हिंदीत बसवली. त्यांनी नुसते भाषांतर केले नाही. शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगण्याऐवजी वार उलट क्रमाने म्हणायला सांगितले. एखादे वाक्य लिहून दाखवा, याऐवजी आपल्या घराबद्दल काही सांगा असे विचारले. प्रत्येक बदल लोकांमध्ये तपासून पाहिला. ती चाचणी स्मृतिभ्रंशासाठी होती, डोक्याच्या इजेसाठी नव्हे. पण पद्धत हीच लागेल. ड्युटीवरच्या डॉक्टरने मनाला येईल तसे इंग्रजी प्रश्न मराठीत उलथवले, तर एका वॉर्डातले गुण दुसऱ्या वॉर्डातल्या गुणांशी ताडता येणार नाहीत. राज्याच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी एकत्र येऊन मराठीत, निरक्षर माणसालाही चालेल अशी, चित्रांसह एक प्रमाणित चाचणी तयार करावी आणि ती सर्वांना फुकट उपलब्ध करावी. या कामाला यंत्रे लागत नाहीत, इमारत लागत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने मनावर घेतले तर पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून हे उभे राहू शकते.

गोंधळलेला प्रत्येक रुग्ण आघातानेच गोंधळलेला असतो असे नाही, आणि येथे घाई जिवावर बेतते. रक्तातली साखर उतरली, ऑक्सिजन कमी पडला, सोडियम घसरले, ताप चढला, फिट येऊन गेली, झोपेचे औषध दिले, तरी माणूस असाच बरळतो. ही कारणे एकेक करून तपासावी लागतात. उलट दिशेची चूक अधिक वाईट. रात्री रस्त्याकडेला पडलेल्या माणसाच्या तोंडाला दारूचा वास येतो आणि ‘प्यायलाय, झोपू द्या, सकाळी बघू’ असे ठरते. दारू प्यायलेला माणूस पडतोही सहज आणि त्याचा मेंदूतला रक्तस्राव लपतोही सहज. वास आला म्हणून डोक्याची तपासणी टळता कामा नये. किंबहुना अशा रुग्णाकडे अधिक वेळा पाहायला हवे. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचत असेल, तर माणूस आधी व्यवस्थित बोलतो, हसतो, घरी जायचे म्हणतो आणि काही तासांनी कोसळतो. वाढती गुंगी, पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, एक बाहुली मोठी दिसणे, यांपैकी काहीही घडले तर चाचणीचे कागद बाजूला ठेवून त्याला न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी हलवायचे.

वृद्धांची गोष्ट आणखी फसवी. आजी न्हाणीघरात घसरल्या, थोडे टेंगूळ आले, उतरले. तीन आठवड्यांनी त्या नावे विसरू लागल्या, चालताना तोल जाऊ लागला, आणि घरच्यांनी ‘वय झालं’ म्हणून सोडून दिले. वयाने आकसलेल्या मेंदूभोवती थेंबथेंब साचत गेलेले रक्त असे हळूहळू बोलते, विशेषतः हृदयविकारासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर. वेळेत ओळखले तर कवटीला छोटे छिद्र पाडून ते काढता येते आणि आजी पुष्कळदा पहिल्यासारख्या होतात. आणखी एक गफलत बोलण्याची. मेंदूच्या डाव्या बाजूला मार लागून शब्द सापडेनासे झालेला माणूस प्रश्नांची उत्तरे चुकवतो, पण त्याला सगळे आठवत असू शकते. चित्रे दाखवून, बोटाने निवडायला सांगून त्याला विचारावे लागते.

विस्मृतीच्या काळात मेंदू रिकाम्या जागा आपोआप भरतो. ‘जेवलास का?’ विचारले तर रुग्ण ‘हो, आत्ताच मामाकडे जेवून आलो’ असे ठामपणे सांगतो. मामा वारून दहा वर्षे झालेली असतात. हे खोटे बोलणे नव्हे. त्याला ते खरेच तसे वाटते. आता याच काळात पोलीस हवालदार जबाब घ्यायला येतो. डॉक्टरांकडून ‘जबाब देण्यास सक्षम’ असा शेरा घेतला जातो आणि गुण १५ असल्याने तो मिळतोही. जखमी सांगतो ते अर्धे त्याच्या मेंदूने जुळवलेले, अर्धे भावाने काल रात्री कानावर घातलेले असते. पुढे तोच कागद न्यायालयात उभा राहतो. मग तो जबाब त्याच्याच विरुद्ध जातो, किंवा ज्याचा दोष नव्हता अशा ट्रकचालकावर शेकतो. सक्षमतेचा शेरा देण्यापूर्वी नवी आठवण टिकते का, हे तपासल्याची नोंद असणे सक्तीचे करायला हवे. हा मुद्दा वैद्यकाइतकाच न्यायाचा आहे.

नुकसानभरपाईचेही तसेच. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे तुटलेला पाय एक्स-रेवर दिसतो, तुटलेली स्मृती दिसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले आहे की अपंगत्वाची वैद्यकीय टक्केवारी म्हणजेच कमाईचे नुकसान असे यांत्रिकपणे धरायचे नाही. तो माणूस कोणते काम करत होता आणि आता काय करू शकतो, हे पाहायचे. हे तत्त्व डोक्याला मार लागलेल्यांसाठी आशेचे आहे. गिऱ्हाइकाचा हिशेब लक्षात न राहणारा दुकानदार, वळणाचे रस्ते विसरणारा रिक्षाचालक, दोन मापे एकत्र डोक्यात न राहणारा शिंपी यांचे हातपाय शाबूत असतात, कमाई गेलेली असते. पण ते दाखवायला पहिल्या आठवड्यांतली नोंद लागते, आणि डिस्चार्ज कार्डावर असते ते ‘कॉन्शस, ओरिएंटेड’. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीतही मेंदूच्या आघाताचे वेगळे नाव नाही. रुग्णाला बौद्धिक, मानसिक किंवा दीर्घकालीन मज्जाविकाराच्या चौकटीत स्वतःला बसवावे लागते. अमेरिकेने शालेय मुलांसाठीच्या कायद्यात १९९० मध्येच तो स्वतंत्र प्रकार केला. आपल्याकडचा बदल संसदेने करायचा आहे आणि त्याला वेळ लागेल. डिस्चार्ज कार्डावर ‘अपघातानंतरची सलग आठवण अमुक तारखेपासून’ ही एक ओळ वाढवायला मात्र कायदा लागत नाही.

घरच्यांच्या वाट्याला यातला सगळ्यात लांब भाग येतो. विस्मृतीच्या दिवसांत रुग्ण चिडतो, सलाईन उपसतो, घरी जायचे म्हणून खाटेवरून उतरतो. त्याला भीती वाटत असते: अनोळखी जागा, अनोळखी माणसे, आणि दर पाच मिनिटांनी सगळे पुन्हा नव्याने अनोळखी. अशा वेळी खाटेभोवती आठ माणसे उभी राहून ‘हा कोण? ही कोण?’ असे विचारत राहिली, तर त्याची परीक्षा होत नाही, छळ होतो. एका वेळी एक-दोन ओळखीची माणसे, मोबाइलचा आवाज बंद, समोर दिसेल असे घड्याळ आणि मोठ्या अक्षरांचे कॅलेंडर, आणि प्रश्नांऐवजी सांगणे: ‘दादा, आज मंगळवार आहे. तू दवाखान्यात आहेस. गाडीवरून पडलास, पण आता बरा होतोयस. मी इथेच आहे.’ त्याने चुकीचे सांगितले तर वाद घालू नये. आठवण यावी म्हणून अपघाताची हकिकत तर मुळीच घोकून घेऊ नये. पढवलेली गोष्ट आणि स्वतःची आठवण नंतर कोणालाच वेगळी करता येत नाही.

घरी आल्यावर महिन्या-दीड महिन्याने खरे चित्र दिसू लागते. गॅस चालू राहतो, तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली जाते, दोन माणसे एकदम बोलली की तो खोलीतून उठून जातो. शेजारी म्हणतात, ‘चांगला तर दिसतो.’ कामावर कधी जायचे, दुचाकी कधी हातात द्यायची, हे या टप्प्यावर लक्ष, स्मृती आणि विचाराचा वेग यांच्या सविस्तर चाचण्या घेऊन ठरवायचे असते. ते करणारे न्यूरोसायकॉलॉजिस्ट बंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थांत आणि मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत भेटतात. जिल्ह्याच्या गावी मिळणे कठीण. म्हणूनच घरातल्या एखाद्याने पहिल्या दिवसापासून साधी वही ठेवावी: आज कोणाला भेटल्याचे संध्याकाळी आठवले, काय विसरला, झोप किती, कोणते औषध. सहा महिन्यांनी तज्ज्ञापुढे पोहोचताना त्या वहीइतका उपयोगी कागद दुसरा नसतो.

तिथे पोहोचल्यावर तज्ज्ञ पुन्हा रसेल यांचाच प्रश्न विचारतो. अपघातानंतरचे पहिले काय आठवते? रुग्ण म्हणतो, खिडकीचा हिरवा पडदा. त्यानंतरचे? कोणीतरी सफरचंद कापत होते. त्यानंतरचे? आणि तो थांबतो. ही सुटी बेटे आहेत. त्यांच्यामधली जमीन कुठून सलग होते, तो दिवस शोधायचा असतो. शेजारी बसलेल्या बायकोला पडद्यानंतरचा प्रत्येक दिवस ठाऊक असतो, वही तिच्या मांडीवर असते, आणि तो अडखळला की तिच्या ओठांवर उत्तर येते. तज्ज्ञ तिच्याकडे पाहून हलकेच हात वर करतो, आणि ती गप्प बसून त्याला आठवू देते.